मेटलचा अल्बम बेळगावातही उत्तम रेकॉर्ड होतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हेवी मेटल, म्हणजे जड गिटार आणि वेगवान ड्रमचं रॉक संगीत, वाजवणारी मुलं आहेत. अल्बम करायची वेळ आली की ती पुण्याचा नाहीतर बेंगळुरूचा रस्ता धरतात, कारण ‘इथं रेकॉर्ड केलं की नुसता गोंगाट येतो’ असा त्यांचा समज झालेला आहे. ध्वनिमुद्रणाचं काम करणारे म्हणून आम्हाला सांगायचं आहे की यात दोष गावाचा नाही. आपले बहुतेक स्टुडिओ भजन, भावगीत आणि आरत्यांसाठी उभे राहिले. तीच पद्धत मेटलला लावली जाते आणि काम तिथंच बिघडतं.

साधा हिशेब आहे. लय मिनिटाला २०० मात्रांची असेल आणि ड्रमर दोन्ही पायांनी मात्रेला चार ठोके देत असेल, तर दोन ठोक्यांमध्ये फक्त ७५ मिलिसेकंद उरतात. भजनाला शोभणारा एका सेकंदाचा घुमारा इथं ठेवला, तर पहिला ठोका विरायच्या आत पुढचे तेरा येऊन पडतात. त्यालाच ऐकणारे गोंगाट म्हणतात. म्हणून मेटलच्या किक ड्रमचा, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, आवाज आखूड हवा. आत उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवावी, ती दोन्ही कातड्यांना थोडी टेकावी. बीटर, म्हणजे कातड्यावर आपटणारा दांडा, मऊ फेल्टचा न घेता लाकडी किंवा कडक प्लॅस्टिकचा घ्यावा, म्हणजे ठोक्याची सुरुवात वेगळी ऐकू येते. कातडी नवी हवीत, पण आदल्या दिवशीच चढवून ताणलेली. सकाळी चढवलेली दुपारपर्यंत उतरतात.

खोलीकडे तर फारच दुर्लक्ष होतं. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहा फूट असलेली खोली सगळ्यांत वाईट, कारण तिन्ही दिशांनी ५६ हर्ट्झच्या आसपासचा तोच सूर फुगतो, आणि किक व बास यांचा मुक्काम नेमका त्याच भागात असतो. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवून यातलं काही जात नाही. ते थोडा वरचा आवाज खातात, खालच्याला हातही लावत नाहीत. चार इंच जाडीचे रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) पाट भिंतीपासून चार इंच सोडून लावावेत, कोपऱ्यांत आणखी जाड. तेवढा खर्च झेपत नसेल तर कापसाच्या जाड गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा. रॉकवूलची सर त्यांना येणार नाही, पण अंड्यांच्या ट्रेपेक्षा नक्की बऱ्या.

कामाचा क्रम चुकवू नये. आधी प्रत्येक गाण्याची लय ठरवून क्लिक, म्हणजे हेडफोनमध्ये ऐकायची लयीची टिकटिक, तयार करायचा आणि गाण्यात लय कुठे बदलते तेही त्यात भरायचं. त्यावर कच्ची गिटार वाजवून ठेवायची आणि तिच्या साथीनं ड्रम घ्यायचे. मग बास, ऱ्हिदम गिटार, लीड आणि शेवटी गळा. ड्रमच डळमळीत असतील तर वरचं सगळं त्यांच्यामागं फरफटत जातं. तालमीत क्लिकवर कधीच न वाजवलेला ड्रमर स्टुडिओत पहिल्यांदा क्लिक ऐकतो, तेव्हा पैसे भाड्यात जातात आणि ट्रॅक हाती येत नाही. किमान महिनाभर आधीपासून रोजची तालीम क्लिकवर व्हावी.

ड्रमच्या वरच्या दोन माइकचं अंतर सुतळीनं मोजा. स्नेअरच्या, म्हणजे ड्रमरच्या पुढ्यातल्या कडक आवाजाच्या ड्रमच्या, मध्यापासून दोन्ही माइक सारख्या अंतरावर हवेत. त्यांत ३४ सेंटिमीटरचा फरक पडला तर आवाज एका मिलिसेकंदानं मागेपुढे पोहोचतो, दोन्ही ट्रॅक एकत्र केले की ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना मारतो आणि स्नेअर पत्र्यासारखा वाजतो. मग मिक्सिंग करणारा तासन्‌तास इक्वलायझर फिरवत बसतो. सुतळीचं काम पाच मिनिटांचं आहे.

गिटारबद्दल थोडं सविस्तर लिहावं लागेल. आजकाल ड्रॉप सी म्हणजे सर्वांत जाड तार ६५ हर्ट्झपर्यंत उतरवून वाजवायची पद्धत आहे. नेहमीचा १० ते ४६चा (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात तारेची जाडी सांगतात) तारांचा संच इतका उतरवला की तारा सैल पडतात आणि जोरात छेडल्या की सूर चढतो. ११ ते ५४ किंवा त्याहून जाड संच घ्या आणि तारा बदलल्यावर बाराव्या पडद्यावरचा दाबलेला सूर हार्मोनिकशी जुळतो का ते पाहून ब्रिज, म्हणजे तारा जिथं टेकतात तो खालचा भाग, पुन्हा बसवून घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, गिटारची मान हलते. त्यामुळे जूनमध्ये जुळवलेली गिटार ऑगस्टमध्ये तशी राहत नाही. रेकॉर्डिंगच्या आठवड्यात ही जुळणी व्हायलाच हवी, आणि सूर प्रत्येक टेकआधी तपासायचा.

डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज, मंचावर ठेवता त्यापेक्षा बरंच कमी ठेवा. दोन गिटार एकावर एक आल्या की भरीवपणा आपोआप येतो. पण त्या खरोखर दोनदा वाजवलेल्या हव्यात, एक पूर्ण डावीकडे, दुसरी पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंदी येत नाही, तोच आवाज मधोमध मोठा होतो. साधा एसएम ५७ माइक स्पीकरच्या कापडापासून एक इंचावर, मधल्या टोपीच्या कडेला धरा. अर्धा इंच सरकवला तरी आवाज बदलतो, म्हणून जागा ठरली की टेपनं खूण करा. सोबत अँपमध्ये जाण्याआधीचा कोरा सिग्नलही वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. उद्या आवाज आवडला नाही तर तोच ट्रॅक पुन्हा अँपमधून घालता येतो. गिटारमधला ८० हर्ट्झखालचा भाग कापा. ती जागा बासची आहे.

वडगाव-खासबाग भागात यंत्रमाग आहेत. मोटार चालू-बंद होताना विजेच्या लाइनमध्ये ‘टक्‌’ येतो आणि मागाचा दणका जमिनीतून माइकपर्यंत पोहोचतो. ड्रम आणि डिस्टॉर्शन दिवसा चालतील. साध्या गिटारची सुरुवात किंवा हळू आवाजातलं गाणं माग थांबल्यावरच घ्या. अर्थिंग कच्चं असेल तर ५० हर्ट्झची घरघर प्रत्येक ट्रॅकमध्ये शिरते. सत्र सुरू होण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. संगणक यूपीएसवर हवा आणि प्रत्येक दिवसाच्या फायली दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर. रेकॉर्डिंग २४ बिटवर करायचं आणि आवाजाचं शिखर मीटरवर उणे १० डेसिबलच्या वर जाऊ द्यायचं नाही.

गुरगुरता गळा दिवसातून दोन तासांहून जास्त लावू नये. घसा दुखू लागला की त्याच क्षणी थांबायचं. ‘एक शेवटचा टेक’ म्हणत गळा बसला तर पुढचा आठवडा जातो.

हे संगीत आपलं नाही असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. मेटलची सुरुवात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात झाली. तिथल्या ब्लॅक सॅबथ या बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांची दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटली. त्यांनी प्लॅस्टिक वितळवून टोपणं बनवली, हलक्या तारा लावल्या आणि पुढं त्या उतरवून वाजवल्या. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांवर संसार चालणाऱ्या शहराला ही गोष्ट परकी वाटू नये.

उरला प्रश्न जागेचा. पूर्ण ड्रमसेटला किमान आठ माइक लागतात आणि आपल्या अनेक स्टुडिओंत इनपुट, म्हणजे एकाच वेळी माइक जोडायच्या जागा, दोन किंवा चार असतात. मालकांनी आपल्याकडे इनपुट किती आणि खोली किती बाय किती, हे विचारायच्या आधीच सांगावं. बँडनीही आगाऊ रक्कम देण्याआधी तेवढं विचारावं. स्टुडिओ अपुरा असेल तर फक्त ड्रमसाठी आठ इनपुटांचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) भाड्यानं घेऊन छोटं मंगल कार्यालय दोन दिवस घ्या. त्यासाठी पितृपक्षासारखा काळ नाही. गणपतीचे डॉल्बी थांबलेले असतात, लग्नं नसतात, पावसाचा जोरही ओसरलेला असतो. कार्यालयातल्याच सतरंज्या आणि गाद्या ड्रमच्या तिन्ही बाजूंना उभ्या करता येतात, घुमारा आटोक्यात येतो. बास, गिटार आणि गळा मग इथल्या कुठल्याही दोन इनपुटच्या स्टुडिओत निवांत होतात.

आपले,
ध्वनिमुद्रणाचं काम करणारे काही वाचक
शहापूर, बेळगाव