मॅडम, आत्तीच्या गुडघ्याबद्दल थँक्यू, आणि घेऊ न दिलेल्या गोळ्यांबद्दल पण

मॅडम नमस्कार,

निपाणीहून लिहितेय. तुमच्याकडं बेळगावात अॅक्युपंक्चरला, म्हणजे चिनी पद्धतीनं सुया टोचून घ्यायला, एवढे पेशंट येतात, म्हणून आठवायला सोपं जावं असं सांगते, त्या बिड्या वळणाऱ्या सासूबाई, सुई टोचायच्या अगोदरच "आई गं" म्हणून ओरडायच्या आणि टोचल्यावर "झालं व्हय?" विचारायच्या, त्या आमच्या. घरात आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. तोंडावर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "असू दे, असू दे" करत पुढच्या पेशंटला हाक मारता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहायला घेतलं. शिवाय गल्लीतल्या बायका रोज विचारतात, सुया टोचून नक्की झालं काय, तर प्रत्येकीला दारात उभं राहून सांगण्यापेक्षा एकदाच लिहिलेलं बरं.

आत्ती लग्न होऊन आल्या तेव्हापासून बिड्या वळतात. ज्यांनी हे काम बघितलं नाही त्यांना वाटतं बसून तर करायचं, त्यात काय एवढं. मांडी घालून बसायचं, मांडीवर सूप, तेंदूचं पान भिजवून साचा ठेवून कातरायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, तोंड मोडायचं, आणि मजुरी हजाराच्या हिशोबानं, त्यामुळं मान वर करायला पण फुरसत नाही. गुडघे गेले ते तिथंच आणि मानपण. त्यात बीपी आहे, शुगर आहे. दुखलं की मेडिकलमधून गोळी आणायची, कागद न दाखवता, असं किती वर्षं चाललं कुणास ठाऊक, मग एकदा रक्त तपासलं तर डॉक्टर म्हणाले किडनीवर ताण दिसतोय, ह्या पेनकिलर बंद करा, बीपी पण ह्यांनीच वाढतंय. बंद करा म्हणणं सोपं आहे हो, पण दुखणं कुठं ठेवायचं ते कुणी सांगत नाही.

आता बेळगावच का, कोल्हापूर का नाही, हे पण सांगते कारण बायका विचारतात. कोल्हापूर आम्हाला जवळ, पण तिकडं अर्धं का होईना तिकीट पडतं, आणि २०२३ च्या जूनपासून कर्नाटकच्या बसला बायकांना आधार कार्ड दाखवलं की राज्यात फुकट. ज्या उपचाराला आठवड्याला जायचं, परत परत जायचं, त्यात बसचे पैसे हा छोटा विषय नसतो. आत्ती तर म्हणतात बस फुकट करणाऱ्या सिद्धरामय्यांनी निम्मा गुडघा बरा केला. संकेश्वर, हत्तरगी, काकती करत आम्ही दोघी यायचो, येताना त्या झोपायच्या आणि जाताना बडबडायच्या.

पहिल्या दिवशी तुम्ही सुयांचं पाकीट फोडलंच नाही, त्याचं मला तेव्हा थोडं नवल वाटलं. आधी उभं राहून काढलेला एक्सरे मागितला, शुगरचा रिपोर्ट मागितला, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते तर दोनदा विचारलं. मग मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी बघितली, जीभ बघितली, आणि आत्ती लगेच "अगं ह्या तर वैद्यच की" म्हणून खूश. तुम्ही हसून सांगितलंत की तीन बोटं इकडंपण आणि तिकडंपण, आपले वैद्य वात पित्त कफ बघतात, चिनी वैद्य त्याच मनगटावर वेगवेगळ्या अवयवांचा हिशोब लावतात, आणि पाच तत्त्वं त्यांच्याकडंपण आहेत पण त्यात आकाश आणि वायू नाहीत, लाकूड आणि धातू आहेत. आत्तींना आकाश नाही हे अजून पटलेलं नाही. असो.

आणि मग ते वाक्य, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. तुम्ही म्हणालात, "मावशी, झिजलेला गुडघा सुईनं भरून येत नाही. दुखणं कमी होऊ शकतं, झोप लागू शकते, गोळी कमी लागू शकते. बीपीची आणि शुगरची गोळी मी सांगितलं म्हणून बंद करायची नाही, तो माझा विषय नाही." पैसे घ्यायच्या आधी कुणी असं बोललेलं आम्ही तरी ऐकलं नव्हतं. आमच्याकडं कुणीही भेटलं की "मुळापासून जाणार" असंच सांगतं, बाजारात तेल विकणारा पण आणि बोर्ड लावून बसलेला पण.

सुयांबद्दल बायकांची भीती जास्त, म्हणून थोडं लिहिते. ही इंजेक्शनची सुई नाही. इंजेक्शनची आतून पोकळ असते, ही भरीव, जाडीला साधारण पाव मिलिमीटर, आणि प्रत्येक वेळी आमच्यासमोर नवीन पाकीट फुटायचं, वापरलेली सुई डब्यात जायची. टोचल्यावर दुखत नाही म्हणणार नाही, पण दुखण्यापेक्षा जड वाटतं, आत काहीतरी ओढल्यासारखं, मुंग्या येतात, आणि सुई नीट लागल्याची तीच खूण चिनी लोक मानतात म्हणे. रिकाम्या पोटी यायचं नाही हा तुमचा नियम, चक्कर येते म्हणून, आणि शुगरवाल्यांना तर नकोच. जागा ठरवायची पद्धत मला फार आवडली. शरीरावर जुने ठरलेले पॉइंट ३६१, पण फूटपट्टी नाही, पेशंटचंच बोट माप. गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूला आत्तींचीच चार बोटं खाली, नडगीच्या हाडापासून एक बोट बाजूला, तिथं एक सुई. त्या जागेचं चिनी नाव झू-सान-ली, आत्ती म्हणतात झुणका-सानली. खांद्याच्या वरच्या भागात मात्र तुम्ही एकदम वरवर टोचायचा, तिथं खाली फुफ्फुस असतं, खोल गेलं तर भोक पडू शकतं असं तुम्ही स्वतःहून सांगितलंत. हे ऐकून मी घाबरले आणि आत्ती निवांत झाल्या, म्हणाल्या हिला माहीत हाय म्हणजे ही जपून टोचणार.

माझ्या पुतण्यानं, तो बीएस्सी करतोय, हे सगळं थोतांड आहे म्हणून घरात वाद घातला. त्याच्या अर्ध्या गोष्टी खऱ्या आहेत हे तुम्हीच मान्य केलंत ना. गुडघेदुखीच्या अभ्यासांत खोट्या सुया, म्हणजे चुकीच्या जागी किंवा नुसतं टोचल्यासारखं करून, लावलेल्या लोकांनापण बराच आराम पडलेला दिसतो, खऱ्या आणि खोट्यातला फरक लहानच निघतो. पण मळमळ आणि डोकेदुखीच्या बाबतीत पुरावा त्यापेक्षा बरा आहे, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनं १९९७ लाच ऑपरेशननंतरच्या आणि केमोच्या मळमळीला उपयोग होतो असं मान्य केलं होतं. आणि ते सुयांना वायर लावून करंट द्यायचं मशीन, त्यावर बीजिंगच्या हान जीशेंग यांनी केलेलं काम तुम्ही पुतण्याला सांगितलंत, सेकंदाला २ ठोके दिले तर शरीर एका प्रकारची स्वतःची वेदनाशामकं सोडतं आणि १०० दिले तर दुसऱ्या प्रकारची. तेव्हा तो गप्प बसला, म्हणजे पटलं असं नाही, पण गप्प बसला. मान्यता आहे का हे पण त्यानंच विचारलेलं, तर २००३ ला केंद्र सरकारनं उपचाराची एक पद्धत म्हणून आणि २०१९ ला स्वतंत्र पद्धत म्हणून मान्य केलीय, महाराष्ट्रात तर त्यासाठी वेगळा कायदापण आहे.

भिंतीवरचा डॉक्टर कोटणीसांचा फोटो बघून मी आपलं बोलून गेले की यांनीच अॅक्युपंक्चर भारतात आणलं ना. तुम्ही म्हणालात नाही, सोलापूरचे कोटणीस सर्जन होते, १९३८ ला पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यातले एक, तिकडं जखमी सैनिकांची ऑपरेशनं केली, १९४२ च्या डिसेंबरात तिथंच गेले, वय फक्त ३२. सुया इकडं आणल्या त्या त्याच पथकातल्या कलकत्त्याच्या डॉक्टर बी. के. बसूंनी, ते नंतर परत चीनला जाऊन शिकून आले आणि १९५९ पासून कलकत्त्यात करू लागले. फोटो कोटणीसांचा का मग, तर "आपला माणूस आहे" एवढंच तुमचं उत्तर, तेही कानडी हेल काढून, मला लय भारी वाटलं ते.

आता दवण्याची गोष्ट. एकदा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला तुम्ही ती पेटवून शेक द्यायची धुराची कांडी धरली होती, आणि आत्ती उठूनच बसल्या, "ह्यो दवण्याचा वास न्हवं?" चैत्रात जोतिबाला जाणारं आमचं घर, दवण्याचा वास त्यांना झोपेतपण कळतो. तुम्ही पण चकित झालात. कांडीतली वनस्पती दवणा नाही पण दवण्याच्याच कुळातली, आर्टेमिसिया, पानं वाळवून कुटून कापसासारखी करतात आणि कांडी वळतात, आणि वळण्याचं काम ऐकल्यावर आत्तींनी ती कांडी हातात घेऊन तपासली, म्हणाल्या सैल वळलीय. त्याच कुळातल्या आणखी एका झाडापासून मलेरियाचं औषध निघालं, चीनच्या तू योयो बाईंनी जुन्या पोथीत वाचलं की हा पाला पाण्यात भिजवून पिळायचा, उकळायचं नावच नाही, त्यावरून त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला, आणि २०१५ ला नोबेल. आत्तींनी लगेच विचारलं मग दवणा खाल्ला तर ताप जातो का, तुम्ही म्हणालात नाही, झाड वेगळं, आणि मलेरियाला पाला नाही गोळी घ्यायची. पण माझ्या डोक्यात बसलं ते पुढचं. आत्तींनी हट्ट धरला मलापण ती कांडी लाव, देवाचा वास हाय, आणि तुम्ही पायाला कापूस आणि पिन लावून बघितलं आणि साफ नाही म्हणालात. शुगरमुळं तळपायाची जाणीव कमी झालीय, भाजलं तरी कळणार नाही, जखम झाली तर भरणार नाही. जास्तीचे पैसे मिळत असताना पेशंट स्वतः मागतोय ते नाकारणं, हे मी लक्षात ठेवलंय मॅडम. पायाची जाणीव कमी आहे हे तोपर्यंत कुणी तपासलंच नव्हतं, आता आत्ती घरात पण चप्पल घालतात.

तशीच ती गोळ्यांची भानगड. कुणीतरी त्यांना सांधेदुखीवर म्हणून चिनी अक्षरांचं पाकीट आणून दिलं होतं, हर्बल हाय म्हणून. आत काय आहे ते वाचता येईल असं कुठंच लिहिलेलं नाही. मी तुम्हाला दाखवलं तर तुम्ही ते बाजूला ठेवलंत आणि बेल्जियमचं सांगितलंत, तिकडं १९९० च्या सुमारास वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी दुसरीच मुळी गेली आणि शंभरावर बायकांच्या किडन्या खराब झाल्या. आत्तींच्या किडनीचा रिपोर्ट तुमच्या समोरच होता. आणि त्याच दिवशी तुम्ही त्यांच्या तोंडात काय आहे विचारलंत. ज्येष्ठमध. तंबाखूच्या धुळीनं घसा खवखवतो म्हणून दिवसभर काडी गालात, बिड्या वळणाऱ्या निम्म्या बायकांची हीच सवय. चिनी औषधांतपण ज्येष्ठमध ढीगभर काढ्यांत असतं म्हणालात, पण रोज जास्त पोटात गेलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. आता लवंग असते गालात, आणि तोंडाला फडकं बांधून बसतात, निदान मी समोर असले तर.

फरक काय पडला ते सांगायचं तर, पहिल्या काही वेळा काहीच नाही. मग झोप लागायला लागली. मग पेनकिलर रोजच्या ऐवजी कधीतरी, आता तर डब्यात पडून असते. बीपीच्या गोळ्या त्याच, शुगरच्या त्याच, आमचे डॉक्टर म्हणाले किडनीचे आकडे आता वाढत नाहीत. गुरुवारच्या बाजाराला चालत जातात, जिना मात्र अजून एक एक पायरीच. आणि खरं सांगू का मॅडम, राग मानू नका, तुम्ही टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायचा जो व्यायाम दिलात आणि मांडी सोडून भिंतीला टेकून पाटावर बसायला लावलंत, त्यानं सुयांपेक्षा जास्त काम केलं की काय असा मला डाऊट आहे. पण टॉवेलसाठी आत्ती बेळगावला कधीच आल्या नसत्या, सुयांसाठी आल्या.

आमच्या गल्लीतल्या काकू येत्या मंगळवारी तुमच्याकडं येतायत, मानेचं दुखणं आहे. त्यांना पेसमेकर आहे, करंटवालं मशीन अशांना लावायचं नाही असं तुम्ही एकदा दुसऱ्या पेशंटला सांगताना मी ऐकलं होतं, म्हणून फाईलच्या वरच मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. रक्त पातळ करायची गोळीपण चालू आहे, तिचं नाव खाली लिहिलंय. नाश्ता करूनच बसवते सकाळच्या बसला. आत्ती पण सोबत येणार आहेत, काम काही नाही, त्यांना कांड्या कशा घट्ट वळायच्या ते तुम्हाला दाखवायचंय.

तुमची,
निपाणीच्या आत्तींची सून