पहिल्या बायकोला कुणी विचारलं का?

बेळगाव, कॅम्प

चि. बाळू,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझा मेसेज पप्पांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. तुमच्या बंगळूरच्या हॉस्टेलात वादविवाद आहे, घटस्फोट होऊन दुसरं लग्न केलेल्या पाळकाला बिशप करावं का असा विषय आहे, आणि तू ‘करू नये’ या बाजूनं बोलणार आहेस. पप्पा खूश झाले. मी झाले नाही, म्हणून हे लिहितेय. फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच तोडतोस.

तुझा सगळा भर बायबलातल्या १ तीमथ्य ३ या अध्यायावर. अध्यक्ष, म्हणजे बिशप, ‘एका स्त्रीचा पती’ असावा. बरं, मग पुढचंही वाच की. तो मारका नसावा, भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा, घर नीट चालवणारा असावा, बाहेरच्या लोकांत त्याचं नाव चांगलं असावं. आपल्याकडं बिशपच्या निवडणुकीला मतांची जुळवाजुळव कशी होते, मिशनच्या जागांवरून किती वर्षं कोर्टात तारखा पडत राहतात, हे तू लहानपणापासून जेवताना ऐकत आलायस. लोभाची ओळ दाखवून एखाद्या उमेदवाराला कुणी अडवलं, असं मी तरी आजवर बघितलं नाही. आणि बाहेरचे लोक म्हणजे आपल्या गल्लीतले लिंगायत, मराठे, मुसलमान शेजारीच ना? त्यांच्या कानावर मिशन कंपाउंडातली भांडणं जातात. पाळकाच्या लग्नाची चर्चा आपणच आपल्यात करतो.

इंग्लंडचं उदाहरण तू दिलंयस ते अर्धंच. १९३६ मध्ये घटस्फोटित बाईशी लग्न करायचं म्हणून आठव्या एडवर्डला गादी सोडावी लागली, कारण राजा चर्चचाही प्रमुख. इथपर्यंत बरोबर. पण तेच चर्च ऑफ इंग्लंड पुढं हळूहळू सरकलं. १९९० च्या कायद्यानं घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलेल्या माणसाला आर्चबिशपच्या परवानगीनं पाळकपदाची दीक्षा मिळायची सोय झाली. २००२ मध्ये पहिला जोडीदार हयात असतानाही चर्चमध्ये पुनर्विवाह लावायला काही प्रसंगी मोकळीक मिळाली, आणि २०१० मध्ये तिथल्या बिशपांनी ठरवलं की असा पाळक बिशपपदाला सरसकट बाद नाही, एकेकाची चौकशी करून बघावं. या सगळ्यात मला आवडला तो २००२ च्या सूचनांमधला एक प्रश्न. नवं नातंच जुनं लग्न मोडायला कारण झालं होतं का, हे पाळकानं लग्न लावण्याआधी बघायचं. इतका उघड प्रश्न आपल्या कुठल्या कमिटीत कुणी विचारेल का?

आता आपल्या घरचं. आपण मेथडिस्ट पंथाचे. बेळगावात १८२० ला लंडन मिशन आलं आणि १९०४ मध्ये काम मेथडिस्टांकडं गेलं, हे तुला पाठ आहे. पण आपला पंथ ज्यानं सुरू केला त्या वेस्लीच्या संसाराबद्दल तुम्हाला शिकवतात का कोण जाणे. जॉन वेस्लीनं १७५१ मध्ये मेरी व्हॅझील नावाच्या विधवेशी लग्न केलं. तो सदा घोड्यावर, गावोगाव प्रवचनं. तिला त्याची बायकांशी चाललेली पत्रं खुपायची, भांडणं व्हायची. १७७१ च्या जानेवारीत ती घर सोडून गेली, तेव्हा त्यानं रोजनिशीत लॅटिनमध्ये लिहिलं की मी तिला टाकलं नाही, घालवलं नाही, आणि परत बोलावणारही नाही. १७८१ मध्ये ती वारली. तिला पुरल्याचं त्याला मागाहून कळलं.

आता तुझा नियम लावून बघ. घटस्फोट नाही, दुसरं लग्न नाही, एकाच स्त्रीचा पती. वेस्ली तुझ्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्कांनी पास! उलट अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी १९८० मध्ये पहिली बाई बिशप निवडली, मार्जरी मॅथ्यूज, ती घटस्फोटित होती. वेस्ली थोर माणूस होता, त्यात वाद नाही. पण तुझी परीक्षा मोडलेला संसार पकडत नाही, फक्त कोर्टाचा कागद पकडते.

आणि तो कागद आपल्या बायकांना मिळत तरी होता का? आपल्या ख्रिस्ती लोकांसाठीच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं एकच कारण पुरायचं. बायकोला मात्र नुसता व्यभिचार सांगून भागत नव्हतं, जोडीला छळ किंवा टाकून देणं असलं काहीतरी सिद्ध करावं लागायचं. परस्पर संमतीची सोय शेजारच्या हिंदू घरांत १९७६ ला आली. आपल्याला २००१ पर्यंत थांबावं लागलं. तोवर कितीतरी जणी कागदावर बायकोच राहिल्या, आणि त्यांचे नवरे ‘एका स्त्रीचे पती’.

तुमच्या संडे स्कूलच्या बाई आठवतात? त्या गावच्या पाळकांच्या बायको. गाणी बसवायच्या, महिला समाज चालवायच्या, बिशप आले की पंचवीस माणसांचा स्वयंपाक करायच्या, पगार एक रुपया नाही. लग्न मोडलं तेव्हा घरही गेलं, कारण पार्सनेज, म्हणजे चर्चनं पाळकाला दिलेलं घर, पाळकाच्या नावावर. चर्चची मंडळीही गेली, कारण पुलपिटवर प्रवचनाला तोच. पाळकांची बदली झाली तेव्हा हार, शाल, फोटो सगळं झालं. बाई माहेरी निपाणीकडं गेल्या, ब्लाउज शिवून पोरं वाढवली. कमिटीतलं एक माणूस त्यांना भेटायला गेलं नाही.

म्हणून माझं मत विचारशील तर, करावं बिशप. पण कमिटीनं आधी पहिल्या बायकोकडं जावं. नवरा सोबत नको, त्याचा भाऊ नको, बायकांपैकी दोघी जाऊ देत. पोरांचा खर्च कोण देतं, घर कुठं आहे, बाई आज कुठल्या चर्चला जाते, हे विचारावं. ती म्हणाली की त्यानं सरळपणानं वागवलं, दोघांचं जमलं नाही एवढंच, तर तुझ्या नियमावर बोट ठेवून त्याला अडवायचं कारण मला दिसत नाही. असा बिशप कदाचित घर मोडत आलेल्या तरुण पाळकाला दारात उभंही करेल. आजचे बिशप अशांची बदली करून मोकळे होतात.

पप्पा म्हणतात, मग पाळकांना धाकच उरणार नाही. त्यात तथ्य आहे, मी नाही म्हणत नाही. लग्न लावताना ‘देवाने जे जोडले’ म्हणणारा माणूस आणि तेच ज्याच्या घरात तुटलं तो माणूस एकच असला की ऐकणाऱ्याला अडखळायला होतं. खानापूरकडच्या आपल्या कॅथलिक सोयऱ्यांकडं हा प्रश्नच नाही, त्यांचे बिशप अविवाहित. ऑर्थोडॉक्स लोकही बिशप संन्याशांतूनच घेतात. आपण संसारी पाळक पत्करलेत, तर संसाराचं बरंवाईटही पत्करायला नको का?

तू बाजू बदलू नकोस, नाव दिलंयस तर ‘करू नये’ असंच बोल. पण वेस्लीचं उत्तर तयार ठेव, समोरच्यानं काढलं तर अडकशील. आणि संडे स्कूलच्या बाईंचं नाव तिथं घेऊ नकोस, त्यांचा धाकटा आता बंगळूरलाच असतो. भाषण लिहून झालं की शनिवारी रात्री वाचून दाखव, पप्पा झोपल्यावर.

तुझी,
मम्मी