काचशिल्प म्हणजे नुसती शोभा नव्हे

रविवारच्या पुरवणीतील काचशिल्पांवरील लेखात काचेतल्या मानवाकृतींना ‘दिवाणखान्याची शोभा’ म्हटले आहे, ते पटले नाही. दगड आणि कांस्य प्रकाश पृष्ठभागावरच अडवतात. काच तो आत घेते, त्यामुळे शिल्पकाराला देहाची आतली पोकळीही घडवता येते. अमेरिकी शिल्पकार कॅरन लामाँट यांचे ओतीव काचेतील पूर्णाकृती पोशाख पाहावेत. कापडाची चुणी न् चुणी बाहेरून दिसते, आतल्या बाजूला स्त्रीदेहाचा ठसा उमटलेला असतो, देह मात्र कुठेच नसतो. संगमरवरात हे कसे साधणार? चेक दाम्पत्य स्तानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा यांनी तर गेल्या शतकातच काचेची जाडी कमी-अधिक ठेवून एकाच रंगातून मुखाकृतींवर छायाप्रकाश खेळवला होता.

आता कारागिरीविषयी. जाड ओतीव काच भट्टीत कित्येक आठवडे, कधी महिनेसुद्धा सावकाश निववावी लागते. घाई केली की तडकलीच. या कष्टांचा लेखात उल्लेख नाही. निदान छायाचित्रांखाली शिल्प फुंकीव काचेचे की ओतीव, एवढे तरी द्यायला हवे होते.

– एक वाचक