मेग्सची धावपट्टी

प्रिय सुध्या,

काल माळा आवरताना तुझी ती दोनशे पानी वही सापडली. संगणकावरचं प्रत्येक उड्डाण तारखेनिशी नोंदलेलं. ‘मेग्स, धावपट्टी ३६, उजवीकडे लवकर वळलो, तळ्यात.’ तुझ्या काकांच्या ऑफिसातला पिवळ्या अक्षरांचा पीसी आणि रविवारचे ते दोन तास डोळ्यांपुढे आले. ते विमान आपल्या हाती ज्यानं दिलं, तो कोण, हे आपण तेव्हा विचारलंच नाही. आता वाचलंय, म्हणून तुला सांगायचंय.

नाव ब्रूस आर्टविक. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकला. विमान चालवायचाही नाद. वैमानिकाला समोर जे दिसतं, ते संगणकानं उड्डाणाबरोबर क्षणोक्षणी रेखाटायचं, हा त्याच्या १९७५ च्या प्रबंधाचा विषय. पुढे स्टू मोमेंटबरोबर सबलॉजिक ही कंपनी काढली आणि १९८० च्या सुमारास ॲपल टू या संगणकावर पहिला फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर विमान उडवायचा प्रोग्राम, आणला.

मी अडकलो ते इथेच. त्या ॲपलचा प्रोसेसर एक मेगाहर्ट्‌झचा, आणि त्याला गुणाकाराची आज्ञाच नाही! बेरीज करायची, आकडे एक घर सरकवायचे, यातूनच गुणाकार उभा करायचा. आणि विमान जरा कललं की धावपट्टीचा प्रत्येक कोपरा वैमानिकाच्या डोळ्याला कुठे दिसेल, हे नव्यानं काढायचं. म्हणजे गुणाकारच गुणाकार. शिवाय खाली उंची-वेगाचे काटे हलत ठेवायचे. हे सगळं १६ केबी मेमरीत. सहा बाय सहा चौकोनांची जमीन, काही रेघांचे डोंगर, चित्र धक्के खात पुढे सरकणारं. पण नाक वर केलं की क्षितिज खाली जायचं. मला हे आजही थोर वाटतं.

१९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो सिम्युलेटर आयबीएम पीसीवर आणला. प्रोग्राम थेट हार्डवेअरशी बोलायचा, म्हणून दुसऱ्या कंपनीचा पीसी आयबीएमशी खरंच जुळतो का, हे लोक लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्राम आणि हाच चालवून पाहायचे. १९८८ मध्ये आर्टविकनं सबलॉजिक सोडून स्वतःची कंपनी काढली. तीही १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं घेतली.

आणि आपलं मेग्स? शिकागोच्या तळ्याकाठी ते विमानतळ खरोखर होतं रे. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौरांच्या हुकमानं बुलडोझर आले आणि धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणल्या. सोळाएक विमानं तिथेच अडकली. वाचून घरचं कुणी गेल्यासारखं झालं.

काल रात्री जुनी आवृत्ती लावली. धावपट्टी ३६, उजवीकडे पाणी, डावीकडे उंच इमारती. तुझ्या वहीतल्या सूचनेप्रमाणे पूर्ण उंची गाठल्यावरच वळलो, आणि परत येऊन उतरलोसुद्धा. वहीत तारीख टाकून नोंद केली आहे. तुझ्या सहीची जागा रिकामी सोडली आहे, दिवाळीला आलास की कर.

तुझा,
मन्या