गाडीशिवाय कसं भागतं म्हणतोस!

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, उलटतपासणीच! गाडी का विकली, लिफ्ट नसलेल्या जुनाट घरात कशाला गेलो, आणि वर ‘मजेत आहे’ म्हणतो ते खरं की लोकांना सांगायला? बाकीचं नंतर, पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. खरंच मजेत आहे.

आम्ही जुन्या वास्तूंच्या प्रेमात पडून इथे आलो, असा तुझा समज दिसतो. कमानी आहेत, नक्षीदार कठडे आहेत, उंच छत आहे, सगळं छान आहे. पण नक्षी महिन्याभरात नजरेच्या सवयीची होते. अंतरांचं तसं होत नाही. वाचनालय, दवाखाना, किराणा, शिंपी, टपाल, बँक, सगळं दहा मिनिटांच्या आत, तेही पायी. माणूस ताशी ५ किलोमीटरच्या आसपास चालतो, म्हणजे १० मिनिटांत साधारण ८०० मीटर. हा भाग वसला तेव्हा बहुतेकांकडे पायांशिवाय दुसरं वाहनच नव्हतं. त्यामुळे रोजचं सगळं त्या मापात बसवणं भागच होतं. यात कुणाची थोर दृष्टी वगैरे काही नाही, दुसरा इलाज नव्हता म्हणून झालं.

तू म्हणशील, ८०० मीटर आमच्या वसाहतीतही असतात. असतात, पण तिथे ते जिवावर येतात. का, ते मी एकदा चालता चालता मोजलं. इथल्या दुकानांची तोंडं अरुंद, पाच-सहा मीटरची. या हिशेबानं दर चार-पाच सेकंदांनी नवं दार, नवी खिडकी, नवा चेहरा. तुझ्याकडे एकाच कुंपणाची भिंत संपता संपत नाही. तिच्या कडेनं उन्हातान्हात कोण चालेल? दुसरं म्हणजे इथे गल्ल्या पटापट फुटतात. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या १८११ सालच्या आराखड्यात दोन कोपऱ्यांमधलं लांब बाजूचं अंतर काही ठिकाणी अडीचशे मीटरच्याही पुढे गेलं. याउलट अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहराच्या मध्यभागात ६१ मीटरवर कोपरा येतो. कोपरा जवळ असला की जाताना एक रस्ता आणि येताना दुसरा. तेच वाचनालय, पण रोज वेगळ्या वाटेनं.

आमच्या घराखाली एक घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ बसतात. डोळ्याला भिंग लावलेलं, पुढ्यात पांढरा कागद, त्यावर तिळाएवढे स्क्रू ओळीनं मांडलेले. माझं घड्याळ त्यांच्याकडे बरेच दिवस पडून आहे. मी काचेसमोरून जातो, ते मान न उचलता डावा हात हलवतात, म्हणजे ‘अजून नाही’. मी पुढे जातो. एवढाच व्यवहार. हेच काम गाडीनं करायचं तर गाडी काढा, सिग्नलला थांबा, पार्किंग शोधा, आणि उत्तर काय, तर ‘अजून नाही’! इथे ते उत्तर मला फुकटात मिळतं, वर मधल्या काळात आमची ओळख वाढत गेली ती वेगळीच. हल्ली आम्ही गावाला निघालो की घराची किल्ली त्यांच्याकडे असते.

हे असं का होतं, ते जेन जेकब्स या बाईंनी १९६१ साली फार नेमकं लिहून ठेवलंय. नगररचनेची पदवी नव्हती त्यांच्याकडे. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज या वस्तीत राहायच्या, खिडकीतून रस्ता बघायच्या. रस्त्याची खरी राखण पोलिसांपेक्षा दुकानदार, खिडकीतल्या बायका, येणारे-जाणारे यांचे डोळे करतात, हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी वस्तीत घरं, दुकानं, कामाच्या जागा एकमेकांत मिसळलेल्या हव्यात, म्हणजे दिवसभर कुणी ना कुणी रस्त्यावर असतं. आणि जुन्या इमारतीही हव्यात! सौंदर्यासाठी नव्हे, तर त्यांचं भाडं कमी असतं म्हणून. घड्याळवाल्यांना नव्या चकचकीत इमारतीत गाळा परवडला असता का, तूच सांग.

‘मग अशा वस्त्या नव्यानं का बांधत नाहीत?’ हा तुझा प्रश्न मात्र चांगला आहे. बऱ्याच ठिकाणी नियमच आडवे येतात. अमेरिकेत घरं एकीकडे, दुकानं दुसरीकडे अशी विभागणी करणारे नियम १९२६ साली सर्वोच्च न्यायालयानं युक्लिड गावाच्या खटल्यात वैध ठरवले, आणि मग ते सगळीकडे पसरले. त्यात भर म्हणून प्रत्येक इमारतीला अमुक इतकं पार्किंग हवंच ही सक्ती. एका गाडीला उभं राहायला आणि वळायला मिळून माझ्या अख्ख्या बैठकीच्या खोलीएवढी जागा लागते. प्रत्येक दुकानापुढे तेवढ्या जागा सोडल्या की दुकानं आपोआप लांब लांब जातात, मग चालणं संपतं, मग गाडी लागतेच. आता कुठे काही शहरं ही सक्ती मागे घेऊ लागली आहेत. बफेलो शहरानं २०१७ साली मागे घेतली.

पार्किंगवरून सवाना आठवलं. अमेरिकेच्या दक्षिणेतलं हे शहर १७३३ साली आखलं गेलं, तेच मुळी छोट्या छोट्या चौकांभोवती. एकूण २४ चौक झाले, त्यांतले २२ आज आहेत. १९५४ साली तिथल्या एका चौकातली जुनी मंडई पाडून त्या जागी पार्किंगची इमारत उभी केली. पुढच्याच वर्षी एक जुनं घर पाडायची वेळ आली, तेही पार्किंगसाठीच! तेव्हा सात बायका पुढे आल्या, पैसे जमवून ते घर विकत घेतलं, आणि त्यांनी काढलेल्या संस्थेनं नंतर कितीतरी घरं वाचवली. मला या गोष्टीतला पुढचा भाग जास्त आवडतो. ती पार्किंगची इमारतच शेवटी पाडली, गाड्या जमिनीखाली नेल्या, आणि २०१० साली तिथला चौक लोकांना परत मिळाला. पन्नासहून अधिक वर्षं लागली, पण मिळाला.

आता गाऱ्हाणी ऐक, नाहीतर म्हणशील मी जाहिरात करतोय. मालाचे टेम्पो भल्या पहाटे येतात आणि रिव्हर्सची ती पीं-पीं थेट उशाशी वाजते. मागच्या भिंतीला ओल आहे. खिडकीची चौकट कुजली, पण वारसा-नियमांमुळे ती तशीच लाकडी, त्याच मापाची बसवायची आणि त्याआधी परवानगी काढायची. अर्ज कधीचा पडून आहे, तोवर पुठ्ठा लावलाय. हौशी पर्यटक आमच्या दाराचे फोटो काढतात, त्यात आमचे वाळत घातलेले पंचेही येतात. हे सगळं चालवून घेतो. चालवून घेता येत नाही ते वाढतं भाडं. चांगल्या वस्तीचा बोलबाला झाला की पैसेवाले येतात, भाडी चढतात आणि जिच्यामुळे वस्ती चांगली होती ती माणसंच बाहेर पडतात. जेकब्सबाईंनी हेही लिहून ठेवलं होतं. आमच्या गल्लीतला चांभार गेल्या वर्षी गेला, त्या जागी आता सुगंधी मेणबत्त्या मिळतात. मेणबत्तीला टाच कोण लावणार?

बाकी प्रकृती उत्तम. वेगळा व्यायाम नाही, शतपावलीची हजारपावली होते एवढंच. आईचा गुडघा मात्र जिन्याला वैतागलाय. ती खालच्या मजल्यावर जागा शोधतेय, आणि सोय तिच्या बाजूनं असल्यामुळे माझं काही चालणार नाही.

तू दिवाळीनंतर येतोस ना? गाडी आणलीस तर ती स्टेशनजवळच्या वाहनतळावर लाव आणि तिथून चालत ये, वीस मिनिटं लागतात. मोठी बॅग आणू नकोस, जिना अरुंद आहे. आणि येण्याआधी कळव. घड्याळवाल्यांना सांगून ठेवतो, मी घरी नसलो तर किल्ली त्यांच्याकडून घे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
(पायी हिंडणारा) मित्र