नाताळच्या नक्षत्रांची कार्यशाळा : रविवारी या

मंडळाच्या सर्व सभासद भगिनींना कळवण्यात येते की रविवार, १४ डिसेंबर रोजी दुपारी ३.३० वाजता आपल्या सभागृहात नाताळची नक्षत्रे (चांदणीच्या आकाराचे कागदी कंदील) आणि भेटवस्तू घरच्या घरी करायला शिकवले जाईल. वर्गणी ५० रुपये. कागद, दोरा आणि खळ त्यातच. मैद्याची खळ आम्ही शिजवून ठेवू, विकतचा गोंद नको.

एका नक्षत्राला सारख्या लांबीच्या १० कामट्या लागतात. पाच-पाचांचे दोन तारे बांधायचे, त्यांची टोके जुळवायची आणि मध्ये पाच आखूड काड्या अडकवल्या की पोट फुगते. कामट्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणा, पण घरीच तासून या. गेल्या वर्षी अर्धा वेळ कोयता शोधण्यातच गेला! आत एलईडी दिवाच लावायचा. साधा बल्ब तापतो आणि पतंगाचा कागद करपतो.

येताना आणा:
- कात्री, जुन्या साडीचे काठ
- झाकणाच्या रिकाम्या बरण्या (धुऊन, वास घालवून)
- घासलेली करवंटी

बरण्यांत घरचे दोस (हरभऱ्याच्या डाळीच्या वड्या) किंवा नेवऱ्या (करंज्या) भरून वर काठाची पट्टी बांधायची. चतुर्थीला आपल्या नेवऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे जातात, नाताळात त्यांचा कुस्वार (नाताळचा फराळ) आपल्याकडे येतो. यंदा ताट रिकामे परत पाठवू नका.

येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी हिरवळ हवी असेल त्यांनी शनिवारी रात्री मूठभर नाचणी भिजत घालावी. करवंटीत रविवारीच पेरू, म्हणजे २४ तारखेपर्यंत बोटभर वाढेल.

नावे शुक्रवारपर्यंत चिटणीसांकडे द्या. मुलांना आणले तर चालेल, कोयत्यापासून मात्र लांब.

– चिटणीस