'डबल इन्डेम्निटी'तल्या सावल्या उलगडून दाखवणाऱ्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून मायना एवढाच. आभार मात्र चारचौघांत मानायचे होते, कारण तुम्ही फिल्म सोसायटीच्या मंडळींना जे दिलंत ते कॅमेरा हाती धरणाऱ्या कुणाच्याही कामी येईल.

दिग्दर्शक बिली वाइल्डरचा १९४४ चा 'डबल इन्डेम्निटी' हा चित्रपट बहुतेक जण गोष्टीसाठी पाहतात. विमा एजंट वॉल्टर नेफ, त्याला भुरळ घालणारी फिलिस, तिच्या नवऱ्याच्या नकळत उतरवलेला ५०,००० डॉलरचा विमा आणि रेल्वे अपघातात मृत्यू आला तर दुप्पट रक्कम देणारं कलम. नेफच्या अंगावर पडणाऱ्या ब्लाइंडच्या, म्हणजे खिडकीवरच्या पट्ट्यांच्या पडद्याच्या, सावल्यांना तुरुंगाचे गज म्हणून सगळेच लिहितात. ते गज तिथे येतात कसे, हे तुम्ही सांगितलंत. छायालेखक जॉन साइट्झ यांच्या कामाकडे आम्ही तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

तुमचं पहिलं सूत्र: दिव्याचं तोंड लहान, दिवा ब्लाइंडपासून लांब, ब्लाइंड भिंतीच्या जवळ. समजा तोंड १० सेंमीचं, दिवा ब्लाइंडपासून ४ मीटरवर आणि भिंत ब्लाइंडच्या मागे १ मीटरवर. मग सावलीची कड साधारण अडीच सेंमी विरघळते. ५ सेंमी रुंद पट्टी असेल तर तेवढं चालतं, सावली ठसठशीत दिसते. त्याच जागी ६० सेंमीचा सॉफ्टबॉक्स (पांढरं कापड लावलेली दिव्याची पेटी) लावला तर कड १५ सेंमी पसरते आणि पट्ट्या एकमेकींत मिसळून भिंत नुसती राखाडी होते. ऑफिसांत सर्रास दिसणाऱ्या २५ मिमीच्या ब्लाइंडने काम का बिघडतं, तेही या हिशोबातच आलं. तिथे अडीच सेंमीची कड म्हणजे जवळजवळ अख्खी पट्टीच गेली. रुंद ब्लाइंड मिळाला नाही तर लाकडी चौकटीवर काळ्या पुठ्ठ्याच्या ५ सेंमी पट्ट्या तेवढंच अंतर सोडून ठोका, हा तुमचा तोडगा स्वस्त आणि खात्रीचा आहे.

बेबी, म्हणजे फ्रेनेल भिंगाचा छोटा दिवा, वापरताना तो स्पॉटवर (झोत एकवटून) न ठेवता पूर्ण फ्लडवर (झोत पसरवून) न्यायचा, हे मात्र पुष्कळांना उलटं वाटतं. स्पॉटवर उजेड वाढतो, पण अख्खी काच पेटल्यासारखी होते आणि सावलीची कड मऊ पडते. फ्लडवर उजेडाचं उगमस्थान बारीक राहतं. मोठ्या एलईडी पॅनलचंही तेच. त्यातले दिवे चिमुकले असले तरी सगळे मिळून सावलीच्या दृष्टीने ती एक रुंद खिडकीच असते. आणि पट्ट्यांचा कल दिव्याच्या किरणांशी जुळवून घ्यायचा. पट्टी किरणांच्या वाटेत आडवी आली की खोलीत अंधार, आणि दिव्याला दोष देत बसतात लोक.

यानंतर येतो परतून आलेला उजेड. पांढरं छत, पांढरी भिंत, फिकट फरशी, ही सगळी बाऊन्ससारखी, म्हणजे उजेड परतवणाऱ्या फळीसारखी, वागतात आणि सावलीच्या काळ्या पट्ट्या धुऊन काढतात. दिव्याच्या दोन्ही बाजूंना कटर (उजेड अडवणारे काळे पडदे), चित्राच्या चौकटीबाहेरच्या भिंतींवर काळं कापड, आणि मग उजेड मोजायचा मीटर. उजळ पट्टीपेक्षा काळी पट्टी तीन स्टॉप खाली (दर स्टॉपला उजेड निम्मा), म्हणजे एक अष्टमांश. त्याहून फरक कमी असेल तर ती सावली वाटतच नाही.

धुळीची गोष्ट तर सगळ्यांनी ऐकावी अशी. नेफ फिलिसच्या घरात पाऊल टाकतो तेव्हा बाहेर लॉस एंजेलिसचं लख्ख ऊन आहे, आत बैठकीच्या खोलीत तिरिपा आणि त्यांत तरंगणारे कण. साइट्झ यांनी त्यासाठी हवेत ॲल्युमिनियमचे बारीक कण उडवले होते. आज ते कुणी करू नये, तुम्ही तीनदा बजावलंत. ती पूड फुप्फुसांत जाते आणि हवेत दाट झाली तर ठिणगीने पेट घेते. पाण्यावर चालणारं हेझ मशीन (विरळ धुकं सोडणारं यंत्र) वापरा, पंखे आणि एसी बंद ठेवा, थर समान पसरेपर्यंत थांबा. उदबत्त्यांच्या धुराच्या रेघा उठतात, कवडसा नीट भरत नाही. दिवा मागून किंवा बाजूने हवा आणि पाठीमागे काळोख हवा. कॅमेऱ्याच्या बाजूने उजेड टाकला तर तिरीप दिसतच नाही.

खुनाच्या प्रसंगातलं तुमचं बोट दाखवणं आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं. फिलिस ठरल्याप्रमाणे तीन वेळा हॉर्न वाजवते, गाडीत मागे लपलेला नेफ नवऱ्यावर झडप घालतो, आणि कॅमेरा फिलिस झालेल्या बार्बरा स्टॅनविकच्या चेहऱ्यावरून हलत नाही. झटापट फक्त ऐकू येते. प्रॉडक्शन कोडच्या, म्हणजे हॉलिवूडच्या तेव्हाच्या सेन्सॉर नियमांच्या, धाकामुळे असेल, पण खून दिसला असता तर इतका अंगावर आला नसता. तिच्या चेहऱ्यावर पुरेसा उजेड ठेवलाय, म्हणून नजरेतलं ते थंड समाधान सुटत नाही. अंधाराच्या सिनेमात नेमकं काय उजळायचं, याचा याहून चांगला धडा आम्हाला ठाऊक नाही.

नेफच्या फ्लॅटचं दार बाहेर, कॉरिडॉरमध्ये उघडतं आणि त्याच दाराआड फिलिस कीजपासून, म्हणजे विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करणाऱ्या नेफच्या सहकाऱ्यापासून, लपते, हेही तुम्हीच थांबवून दाखवलंत. खऱ्या इमारतीत असं दार सहसा नसतं. प्रसंगाच्या निकडीसाठी बिजागरी फिरवलेली आहे आणि त्या क्षणी श्वास रोखलेल्या प्रेक्षकाला ते कळतही नाही.

तुमची टिपणं टाइप करून झाली आहेत. अंतरांचे आकडे एकदा नजरेखालून घालाल का? आणि एक राहिलंय: नेफ अंगठ्याच्या नखाने काडी पेटवून कीजचा सिगार शिलगावतो, तो उजेड काडीचा किती आणि लपवलेल्या दिव्याचा किती? पुढच्या बैठकीला तेवढं घ्याच. पट्ट्यांची चौकट आणि दोन बेबी आम्ही तयार ठेवतो.

आपले कृतज्ञ,
फिल्म सोसायटीची सगळी मंडळी